ऐंशी खुर्च्यांचं नाट्यगृह

भडगावसारख्या तालुक्याच्या गावात राहून नाटकाची आवड जपायची, तर आधी एसटीचं वेळापत्रक पाठ असावं लागतं. जळगावला छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात किंवा धुळ्याला राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिरात मुंबईचं एखादं गाजलेलं नाटक लागलं, तर जायला अडचण नसते. खरी पंचाईत परतीची. साडेनऊचा प्रयोग सुटायला बारा वाजतात आणि जळगावहून घर 50-60 किलोमीटर लांब असतं. मग चार-पाच जणांनी मिळून गाडी करायची, म्हणजे तिकिटापेक्षा भाडंच जड. एवढं करून हाती पडतं ते विसाव्या रांगेतलं तिकीट. तिथून नट दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. आवाज येतो, पण तो बाजूच्या स्पीकरमधून.

म्हणून गावात नाट्यगृह हवं ही मागणी रास्तच आहे, आणि ती खानदेशातल्या प्रत्येक तालुक्याला लागू आहे. मात्र ती करताना डोळ्यांपुढे असतं ते जिल्ह्याच्या नाट्यगृहाचं चित्र: आठशे-हजार खुर्च्या, बाल्कनी, वातानुकूलन, बाहेर मोठी पार्किंग. एवढी वास्तू तालुक्याला बांधता आली, तरी वर्षाचे 365 दिवस ती चालवायची कशी? तिचं वीजबिल, झाडलोट, पडद्याची दुरुस्ती, दिव्यांची निगा कोण सांभाळणार? माझं म्हणणं साधं आहे. गावाला आज 80 ते 100 माणसांचं, पुरता अंधार करता येईल असं एक सभागृह हवं आहे. मोठं परवडत नाही म्हणून लहान घ्या, असा याचा अर्थ कुणी काढू नये. लहान जागेत नाटक पाहणं हा स्वतंत्र अनुभव आहे, आणि मराठी रंगभूमीने आपलं कितीतरी उत्तम काम अशाच जागांत केलं आहे.

जवळिकीचं मोल आधी डोळ्यांच्या हिशेबात पाहू. नाट्यगृहाची रचना करणारे एक ढोबळ ठोकताळा मानतात: रंगमंचापासून 20 मीटरच्या पलीकडे बसलेल्याला चेहऱ्यावरचे बारीक बदल वाचता येत नाहीत. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली सुरू झालं, त्याची आसनसंख्या 989 आहे. एवढी माणसं बसवायची तर मागच्या रांगा लांब जाणारच, त्यात वास्तुरचनाकाराचा दोष नाही. मग अभिनयही त्या मागच्या रांगेसाठी घडतो. हात मोठा उचलावा लागतो, वाक्याचा शेवट वर ठेवावा लागतो, समोरच्या पात्राशी बोलताना तोंड प्रेक्षकांकडे ठेवावं लागतं. हेही कौशल्यच आहे आणि ते सोपं नाही. पण काही गोष्टी त्या अंतरावर पोचतच नाहीत.

समजा, रंगमंचावर एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली आहे आणि दाराशी उभा असलेला दीर तिला एक बातमी सांगतो आहे. हजार माणसांच्या नाट्यगृहात ते सूप म्हणजे हाताला काम हवं म्हणून दिलेली वस्तू. बातमी ऐकून ती उठेल, सूप खाली पडेल, तेव्हा आपल्याला कळेल. ऐंशी माणसांच्या खोलीत मात्र खडा ताटलीत पडल्याचा टक आवाज शेवटच्या रांगेतही येतो. बातमी सांगता सांगता तो आवाज थांबतो. बोटं फिरतच असतात, पण आता ती निवडत नाहीत. तिने मान वर केलेली नसते, शब्दही उच्चारलेला नसतो, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळलेलं असतं. हा अभिनय मोठ्या नाट्यगृहात करता येत नाही असं नाही. तो तिथे कुणाला दिसत नाही, एवढंच.

दुसरं मोल कानांचं. लहान जागेत माईक लागत नाही. माणसाचा आवाज त्याच्याच अंगातून, त्याच दिशेने येतो. तो पाठमोरा झाला की आवाज बदलतो, खाली बसला की बदलतो, धाप लागली की श्वास ऐकू येतो. खालच्या पट्टीतलं बोलणं आणि कुजबुज यांत फरक राहतो. आपल्याकडच्या नव्या प्रेक्षकाने नटाचा आवाज बहुधा माईकमधूनच ऐकलेला आहे. त्याला हा फरक पहिल्यांदा कळतो तेव्हा तो खुर्चीत थोडा पुढे सरकून बसतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. मोठ्या नाट्यगृहात अंधार झाला की आपण सुटतो. घोट्याशी रंगमंच असला की सुटका नसते. नटाला आपण दिसतो, आपल्याला समोरच्या रांगेतली माणसं दिसतात. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची घटना अशाच जागेत घडते. एक हौशी नाट्यसंस्था खेड्यातल्या साध्या सभागृहात प्रयोगासाठी येते आणि वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला उभा करते. रंगायन या संस्थेने 1967 मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते केलं, खटल्यातली आरोपी बेणारे साकारली सुलभा देशपांडे यांनी. हे नाटक एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, वर्गातल्याच खुर्च्या मांडून करून पाहावं. बेणारेभोवती गोळा झालेल्या त्या मंडळींत आपली खुर्ची नेमकी कुठे आहे, हा प्रश्न प्रेक्षकाला टाळता येणार नाही.

लहान रंगमंचाचा हा विचार जगात शंभर वर्षांहून जुना आहे. बर्लिनमध्ये माक्स राइनहार्ट यांनी 1906 साली मोठ्या नाट्यगृहाशेजारीच लहान ‘कामरश्पीले’ उघडलं, ते इब्सेनच्या ‘गोस्ट्स’ने. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये स्ट्रिंडबर्ग यांचं 161 आसनांचं ‘इंटिमा थिएटर’ सुरू झालं. त्या जागेला साजतील अशी मोजक्या पात्रांची नाटकं त्यांनी मुद्दाम लिहिली. पोलंडमध्ये ग्रोटोव्स्की यांनी 1959 पासून ‘तेरा रांगांच्या थिएटर’मध्ये जे केलं, त्यात नट आणि प्रेक्षक सोडून बाकी सगळं हळूहळू गळून पडलं.

आपल्याकडे इब्राहिम अल्काझींनी मुंबईत घराच्या गच्चीवर नाटकं केली. 1960 साली विजया मेहता आणि सहकाऱ्यांनी रंगायन काढलं. पण आमच्यासारख्या गावाला सगळ्यात जवळचं वाटावं असं उदाहरण छबिलदासचं आहे. आविष्कार ही संस्था 1971 मध्ये स्थापन झाली. सुलभाताई देशपांडे ज्या शाळेत शिक्षिका होत्या, त्या दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह 1974 पासून नाटकासाठी मिळू लागलं. ते नाट्यगृह नव्हतं, शाळेचा हॉल होता. दादर स्टेशन हाकेच्या अंतरावर, खाली बाजाराची गर्दी. तिथे अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी फक्त स्वतःच्या नाटकांची सोय केली नाही, इतर संस्थांनाही ती जागा खुली ठेवली. लहान नाट्यगृह म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर या शेवटच्या गोष्टीकडे बघावं. भिंती शाळेच्या होत्या, पण तारखा लावणं, दिवे जोडणं, खुर्च्या मांडणं, आलेल्या नवख्या मुलांना ‘करा’ म्हणणं, हे माणसांनी केलं. काकडे काका हे काम 2019 साली निधन होईपर्यंत करत राहिले. मधल्या काळात आविष्कारला माहीमच्या महापालिका शाळेत जावं लागलं, तरी चळवळीला नाव राहिलं ते छबिलदासचं. एका शाळेच्या हॉलवरून रंगभूमीच्या एका अख्ख्या कालखंडाला नाव मिळालं. तालुक्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि संस्थाचालकाने हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

बादल सरकारांचं ‘जुलूस’ अमोल पालेकर यांनी मराठीत केलं, तेही याच वातावरणात. सरकार पेशाने अभियंते, नगररचनाकार. कलकत्त्याच्या प्रस्थापित रंगमंचावर यश मिळाल्यावर ते त्यातून बाहेर पडले आणि ‘अंगनमंच’ मांडला: खोलीभर प्रेक्षक, आणि त्यांच्यामधून वाट काढत चाललेलं नाटक. ना पडदा, ना महागडं नेपथ्य. प्रेक्षक आणि नट एकाच उजेडात. पैसा कमी आहे म्हणून नाटक करता येत नाही, या तक्रारीला त्यांनी दिलेलं उत्तर मला आजही पुरेसं वाटतं.

1978 मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभं राहिलं. सुमारे 200 आसनं, तीन बाजूंनी प्रेक्षक, मधे पुढे आलेला रंगमंच. पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचाने नव्या लेखक-दिग्दर्शकांना वर्षानुवर्षं आधार दिला. अलीकडे एरंडवण्यात ‘द बॉक्स’ आलं आहे, तिथे आसनं नाटकाला हवी तशी मांडता येतात. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. कणकवलीचं नाव मुद्दाम घेतो, कारण ते पुणे-मुंबई नाही. तालुक्याचं गावही सातत्याने नाटक सांभाळू शकतं, हे कोकणाने दाखवून दिलं आहे.

मग खानदेशाचं काय? इथे हा प्रकार बाहेरून आणावा लागेल असं मला अजिबात वाटत नाही. डफाच्या तालावर रात्रभर रंगणारं वहीगायन ऐकणारा माणूस गाणाऱ्यापासून चार हातांवर बसतो. साक्री-बागलाण भागातल्या भोवाड्यात मुखवटे घातलेली सोंगं गावाच्या मधोमध येतात आणि लोक चहूबाजूंनी उभे असतात. मुखवटा इतक्या जवळून पाहिलेलं मूल ती भीती जन्मभर विसरत नाही. कीर्तनकार पहिल्या रांगेतल्या म्हातारीला नावाने हाक मारतो. म्हणजे समीप बसून पाहण्या-ऐकण्याची सवय अंगात आहेच. ती मोडली मंडप, मोठे स्पीकर आणि उंच स्टेज यांनी.

याच भूमीत भिका-भीमा सांगवीकरांचा तमाशा हजारोंच्या गर्दीपुढे गाजला, हेही विसरून चालणार नाही. आणि बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला. त्यांच्या काळात माईक नव्हता, नाट्यगृहं लहान नव्हती, तरी त्यांचं गाणं प्रत्येकाला आपल्यासाठीच चाललं आहे असं वाटे, असं जुने लोक सांगत. तेव्हा जवळीक फक्त मीटरमध्ये मोजता येत नाही, हे मान्य. संगीत नाटक, तमाशा, मोठ्या पात्रसंख्येचं ऐतिहासिक नाटक यांना ऐसपैस जागाच हवी. ऐंशी खुर्च्यांत त्यांना कोंबणं अन्याय होईल.

पण आमच्या भागापुरतं एक कारण मला या सगळ्यांहून मोठं वाटतं, ते म्हणजे इथली बोली, अहिराणी. गेल्या काही वर्षांत अहिराणी मंचावर आणि मोबाईलवर भरपूर ऐकू येते. बहुतेक वेळा ती ओरडून बोलली जाते, हसवण्यासाठी. लोक हसतात, त्यात वाईट काही नाही. पण घरातली अहिराणी अशी नसते. कापूस वेचून आल्यावर ओट्यावर बसून दोन बाया जे बोलतात, सासरहून आलेल्या लेकीला आजी रात्री अंथरुणात जे विचारते, बापाच्या मयतीनंतर दोन भाऊ वाटणीचं जे बोलत नाहीत, ती अहिराणी खालच्या आवाजातली आहे. हजार माणसांपुढे ती बोलताच येत नाही, आवाज चढवला की ती बिघडते. तिला रंगमंचावर यायचं असेल तर तिच्या आवाजाच्या मापाची खोली लागेल. अहिराणीत गंभीर नाटक का लिहिलं जात नाही असं विचारणाऱ्यांनी, ते करायला जागा कुठे आहे हेही विचारावं.

अशा लहान जागेतल्या नाटकाची जिल्ह्यात सुरुवात झालेली आहे. जळगावच्या परिवर्तन संस्थेचं ‘नली’ हे एकलनाट्य श्रीकांत देशमुख यांच्या लेखनावर आधारलेलं आहे, नाट्यरूप शंभू पाटील यांचं आणि सादर करतात हर्षल पाटील. एक नट, थोडं सामान, आणि गावाकडच्या एका मुलीची गोष्ट. असं नाटक टेम्पोशिवाय प्रवास करू शकतं. दुसरी वाट अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी दाखवली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या 2013 मधल्या खुनानंतर अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली रिंगणनाट्याची मोहीम उभी राहिली, ‘सॉक्रेटिस ते दाभोलकर-पानसरे व्हाया तुकाराम’ या नावाने ती महाराष्ट्रभर फिरली. गोल करून बसलेले लोक, मधे कार्यकर्ते-नट. त्यांतले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा नाटक करत होते. त्या कच्चेपणाची अडचण झाली नाही, कारण प्रेक्षक आणि ते एकाच पातळीवर होते.

आता आक्षेप पाहू, कारण ते खरे आहेत. पहिला: लहान नाट्यगृह म्हणजे ओळखीच्यांचा अड्डा होतो. तीच चाळीस माणसं दर वेळी येतात, एकमेकांचं कौतुक करतात, घरी जातात. हे मोठ्या शहरांत घडलं आहे आणि गावात तर लवकर घडेल. गावात त्याला जातीचा, पेठेचा, कॉलनीचा आणखी एक थर असतो. कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग आहे, यावरच कुणी यायचं ते ठरतं. यावर उपाय एकच दिसतो: जागा कुणाचीही असो, तिकीट सगळ्यांना सारखं आणि दारात उभं राहून मिळणारं असावं. निमंत्रणपत्रिका आणि राखीव रांग पहिल्या दिवसापासून नको.

दुसरा पैशाचा. ऐंशी खुर्च्या आणि शंभर रुपये तिकीट धरलं, तर सगळी भरली तरी आठ हजार होतात. त्यात जागेचं भाडं, भाड्याचे दिवे, बाहेरून आलेल्या चार-पाच कलाकारांचा प्रवास, जेवण. नटाच्या हातावर काय पडणार? या रंगभूमीवर कुणाचं घर चालत नाही, आणि ते झाकून ठेवणं बरोबर नाही. छबिलदासच्या पिढीनेही नोकऱ्या सांभाळूनच हे केलं. माझ्या मते गावातल्या संस्थेने हिशेब उलट बाजूने करावा. आधी काय खर्च होणार नाही ते ठरवावं: फ्लेक्स नको, सत्कार नकोत, शाली-नारळ नको, पाहुण्यांची भाषणं नकोत. त्यातून वाचलेला पैसा कलाकाराला द्यावा.

तिसरा आक्षेप कलावंतांचा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. जवळून पाहिलं जातं म्हटल्यावर काही नट अभिनय करणंच सोडतात. ‘नैसर्गिक’ म्हणून पुटपुटतात. लहान जागेतही शब्दाचं शेवटचं अक्षर ऐकू आलंच पाहिजे, शरीर जागं असलंच पाहिजे. जवळून खोटेपणा लवकर कळतो, तसा आळसही.

राहिली जागा. खानदेशात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्या दिवसांत संध्याकाळीही बसवत नाही. मग पंखे लावावेत? जुने पंखे घरघरतात आणि नटाचा खालचा आवाज खातात. पंखे बंद केले तर वीस मिनिटांत प्रेक्षक रुमाल काढतो आणि त्याचं लक्ष जातं. आमच्याकडच्या कुठल्याही दिग्दर्शकाला प्रकाशयोजनेच्या आधी हा पंख्याचा प्रश्न सोडवावा लागतो. म्हणून हंगाम धरायचा तो दिवाळीनंतर होळीपर्यंतचा. कापसाचे पैसे हाती आलेले असतात, सुरुवातीला परीक्षा लांब असतात, रात्री गारवा असतो. जागा म्हणून शाळेचा हॉल, वापरात नसलेलं गोदाम, जुन्या जिनिंगची भक्कम भिंतींची शेड, काहीही चालेल. खिडक्यांना जाड काळं कापड, मागच्या दोन रांगांना लाकडी पायऱ्या म्हणजे पुढच्याचं डोकं आड येत नाही, आठ-दहा दिवे, एक डिमर. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, हे दिव्यांच्याही आधी. आणि वेळ संध्याकाळी साडेसहाची. साडेनऊचा प्रयोग ही शहराची सवय आहे. साडेसहाला ठेवलं तर मुली येतील, शिक्षिका येतील, आजूबाजूच्या खेड्यांतले लोक शेवटच्या गाडीने परत जातील.

कागदपत्रं मात्र टाळू नयेत. संहितेला रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तिकीट लावायचं तर जागेची परवानगीही. पन्नास प्रेक्षकांसाठी हा खटाटोप जाचक वाटतो, आणि लहान जागांसाठी तो सोपा व्हावा ही मागणी नाट्यसंस्थांनी मिळून लावून धरायला हवी. पण तोवर तो करावा. विना-परवाना प्रयोग बंद पडला, तर ती जागा पुन्हा मिळत नाही.

या सगळ्यातून सर्वांत जास्त कमावतील ते आमच्याच जिल्ह्यातले हौशी कलाकार. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर दरवर्षी नाटकं होतात. दोन-तीन महिने तालमी, कर्ज काढून नेपथ्य, आणि मग एक प्रयोग. निकाल लागला की सेट माळ्यावर जातो. अंतिम फेरी गाठली तर दुसरा प्रयोग. एकाच प्रयोगात कुठलाही नट शिकत नाही. भूमिका सापडायला लागते ती पाचव्या-सहाव्या प्रयोगापासून, हे कुणीही जाणता नट सांगेल. त्यातलंच एक नाटक निवडावं, कमी पात्रांचं, सेट सुटसुटीत करता येईल असं. पहिल्या शनिवारी भडगाव, दुसऱ्या शनिवारी पाचोरा, तिसऱ्या शनिवारी चाळीसगाव, मग पारोळा, एरंडोल, अमळनेर. प्रत्येक गावात ऐंशी खुर्च्या. सहा गावांचे सहा प्रयोग म्हणजे पाचशेच्या आसपास प्रेक्षक, एखाद्या मोठ्या नाट्यगृहाच्या अर्ध्या गर्दीएवढे. फरक एवढा, की त्यांतल्या प्रत्येकाला नटाचा चेहरा दिसलेला असेल, आणि नटाला सहाव्या गावी पोचेपर्यंत आपली भूमिका.